मॅग्नेशियमचे दार

जन्मानंतर काही आठवड्यांतच बाळाला आकडी येऊ लागते. रक्त तपासले, की कॅल्शियम फार कमी निघते. म्हणून शिरेतून कॅल्शियम देतात, पण त्याचा म्हणावा तसा उपयोग होत नाही आणि आकडी पुन्हा येते. मग कोणा डॉक्टरांना मॅग्नेशियम मोजावेसे वाटते. ते जवळजवळ नसल्यातच जमा असते. मॅग्नेशियम दिले, की आकडी थांबते आणि गंमत म्हणजे कॅल्शियमही चढू लागते. कॅल्शियम सांभाळणारे पॅराथायरॉईड ग्रंथीचे संप्रेरक मॅग्नेशियमवाचून नीट स्रवतच नाही, त्यामुळे मूळ उणीव एकाची आणि दिसते दुसऱ्याची. हा आजार 1960 च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत नोंदला गेला. बाळाच्या दुधात मॅग्नेशियम पुरेसे होते, आईवडिलांची प्रकृती ठणठणीत होती. बिघाड एका प्रथिनात होता, मॅग्नेशियमला पेशीच्या आत घेणाऱ्या प्रथिनात. ते प्रथिन कोणते, हे कळायला 2002 साल उजाडले.

इतका उशीर का झाला, हे समजून घ्यायचे तर आधी मॅग्नेशियमचा स्वभाव पाहायला हवा.

प्रत्येक पेशीभोवती मेदरेणूंच्या दोन थरांचे पातळ पटल असते. मेदाचे आणि विद्युतभाराचे पटत नाही, त्यामुळे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांपैकी कोणताही भारित आयन या पटलातून आपला आपण पार होत नाही. पटलात रुतून बसलेली प्रथिने त्याला वाट देतात. या चौघांत उघडा आयन मोजला तर मॅग्नेशियम सर्वांत लहान. त्याची त्रिज्या जेमतेम 0.07 नॅनोमीटर. पण एवढ्याशा जागेत दोन धनभार एकवटल्यामुळे ते पाण्याचे रेणू फार जोरात ओढून धरते. सहा रेणू त्याला अगदी लगटून बसतात आणि त्यांच्याबाहेर आणखी एक सैलसर थर असतो. या पाण्यासकट मोजले, की तेच मॅग्नेशियम चौघांत सर्वांत मोठे ठरते. उघड्या आणि पाण्याने वेढलेल्या मॅग्नेशियमच्या आकारमानात सुमारे 400 पटींचा फरक आहे. कॅल्शियमच्या बाबतीत तो 25 पटींच्या आसपास भरतो.

आणि हे पाणी सहज सुटतही नाही. कॅल्शियमला लगटलेला पाण्याचा रेणू क्षणार्धात निघून जातो आणि दुसरा त्याची जागा घेतो. मॅग्नेशियमभोवतीचा रेणू त्याच्या हजारपटीहून अधिक काळ टिकून राहतो. ही कालमाने सेकंदाच्या लाखाव्या-कोट्यवधीव्या भागांतली आहेत, तरी रेणूंच्या जगात हा फरक प्रचंड आहे.

याचा अर्थ काय होतो, ते पोटॅशियमशी ताडून पाहिले की लक्षात येते. रॉडरिक मॅकिनन यांनी 1998 मध्ये जीवाणूतील पोटॅशियम मार्गिकेची रचना उलगडली आणि त्याबद्दल त्यांना 2003 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या मार्गिकेच्या अरुंद भागात प्रथिनाचेच ऑक्सिजन अणू अशा अंतरावर मांडलेले असतात, की पोटॅशियम आपले पाणी सोडून बिनतक्रार आत सरकतो. सोडलेल्या पाण्याची उणीव हे ऑक्सिजन अणू भरून काढतात. मॅग्नेशियमला ही युक्ती लागू पडत नाही. त्याचे पाणी उतरवायला इतकी ऊर्जा लागते, की तेवढी भरपाई करणारी मार्गिका त्याला धरून ठेवील, पुढे जाऊच देणार नाही. सजीवांना निराळा उपाय शोधावा लागला. तो इतका जुना आहे, की समुद्रतळाच्या तापलेल्या चिखलातल्या जीवाणूंत आणि तुमच्या-माझ्या पेशींत तो आजही जवळपास त्याच रूपात सापडतो. जीवशास्त्रातल्या ज्या गोष्टी मला मनापासून थक्क करतात, त्यांत ही फार वर आहे.

पण ती कळण्याआधीची हकिगत सांगायला हवी, कारण तिच्यात संशोधकांची चिकाटी दिसते.

आयन पेशीत किती वेगाने शिरतो, हे पाहायची नेहमीची रीत म्हणजे त्याचे किरणोत्सारी भावंड वापरणे. मॅग्नेशियमचे प्रयोगाला उपयोगी पडण्याजोगे किरणोत्सारी भावंड एकच आहे, मॅग्नेशियम-28, आणि त्याचा अर्धायुकाल अवघा 21 तासांच्या आसपास. म्हणजे अणुभट्टीतून प्रयोगशाळेत येईपर्यंत त्यातला बराचसा भाग संपलेला असायचा, आणि उरलेल्यावर रात्रंदिवस एक करून प्रयोग उरकावे लागायचे. खर्चाचे तर विचारायलाच नको. तरीही 1969 मध्ये सायमन सिल्व्हर यांनी, आणि स्वतंत्रपणे लस्क आणि युजीन केनेडी यांनी, ई. कोलाय हा जीवाणू मॅग्नेशियम नुसते झिरपू देत नाही तर निवडून आत घेतो, हे दाखवून दिले.

पुढचा धागा कोबाल्टने मिळवून दिला. कोबाल्ट जीवाणूंना विषारी असते. ते आत शिरते ते मॅग्नेशियमच्याच वाटेने, हे लक्षात आल्यावर संशोधकांनी कोबाल्टमध्येही तगून राहणारे जीवाणू निवडून काढले. ते तगले होते, कारण त्यांची ती वाटच मोडलेली होती. मोडलेले जनुक शोधले, की वाट बनवणारे प्रथिन हाती लागते. या जनुकाला आणि प्रथिनाला 'कॉर-ए' म्हणतात. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे मायकेल मॅग्वायर यांनी साल्मोनेला जीवाणूवर पुढची कित्येक वर्षे हेच काम नेटाने केले. मॅग्नेशियम-28 मिळणे दुरापास्त झाले, तेव्हा त्यांच्या गटाने किरणोत्सारी निकेल वापरले, कारण निकेलही त्याच प्रथिनांतून आत जाते. साल्मोनेलात कॉर-एशिवाय आणखी दोन वाहक प्रथिने असल्याचे याच कामातून पुढे आले.

त्यांच्याच गटाचा 2000 सालचा एक प्रयोग मला विशेष आवडतो. कोबाल्टचे एक संयुग असते, ज्यात कोबाल्टभोवती सहा बाजूंनी अमोनियाचे सहा रेणू घट्ट बसलेले असतात. आकाराने आणि ठेवणीने ते सहा पाण्याच्या रेणूंनी वेढलेल्या मॅग्नेशियमसारखे दिसते. फरक एवढाच, की हे अमोनियाचे रेणू सुटत नाहीत. असे संयुग दिले तर कॉर-एचे काम थांबते. निष्कर्ष सरळ होता: कॉर-एच्या तोंडाशी उघड्या मॅग्नेशियमची ओळख पटवली जात नाही. ओळखले जाते ते पाण्यासकटचे मॅग्नेशियम.

प्रथिनाचे रूप प्रत्यक्ष पाहायला मिळाले 2006 मध्ये. टोरोंटोतल्या दोन गटांनी आणि स्टॉकहोममधल्या एका गटाने त्या एकाच वर्षी कॉर-एची रचना प्रसिद्ध केली. तिघांनीही निवडलेला जीवाणू होता थर्मोटोगा मॅरिटिमा. इटलीतल्या व्हल्कानो बेटाजवळ, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापलेल्या समुद्रतळात सापडलेला हा जीव 80 अंश सेल्सियसला सुखाने वाढतो. अशा जिवांची प्रथिने सहसा भक्कम असतात आणि त्यांचे स्फटिक बनवणे त्यातल्या त्यात सोपे जाते.

रचना अशी निघाली: एकसारखे पाच भाग वर्तुळात उभे राहून एक मार्ग बनवतात. पेशीच्या आतल्या बाजूला त्यांचा मोठा घेर लोंबतो आणि पटलाकडे येताना तो निमुळता होत जातो. अगदी रॉकेल ओतायच्या नरसाळ्यासारखा, पण नळी वर आणि तोंड खाली. पटलातून प्रत्येक भागाच्या दोन सर्पिल दोऱ्या जातात. त्यांतल्या पाच आतल्या बाजूला राहून मार्गाची भिंत बनतात. मार्गाच्या बाहेरच्या तोंडाशी ग्लायसीन, मेथिओनिन आणि अ‍ॅस्परॅजिन ही तीन अमिनो आम्ले याच क्रमाने येतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून या त्रिकुटाला 'जीएमएन' म्हणतात. पाच भागांची पाच अ‍ॅस्परॅजिने एक कडे करून उभी असतात आणि मॅग्नेशियमला लगटलेल्या पाण्याला हलकेच धरतात. मॅग्नेशियम आपल्या पाण्याच्या निदान पहिल्या थरासकट या कड्यात विसावते आणि तसेच आत ओढले जाते. ज्या पाण्यामुळे वाट अडायची, त्या पाण्यालाच इथे ओळखीची खूण केले आहे.

ओढते कोण? पेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेने ऋणभारित असतो आणि मॅग्नेशियमवर दोन धनभार असतात. दार उघडे असले, की एवढे पुरते. खरे तर गरजेपेक्षा फार जास्त पुरते. आपल्या पेशींत हा फरक 70 मिलिव्होल्टच्या आसपास धरला आणि मॅग्नेशियमला मोकाट सोडले, तर आतले मुक्त मॅग्नेशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दोनशे पट होईपर्यंत ते येतच राहील. प्रत्यक्षात आतले मुक्त मॅग्नेशियम दर लिटरला 0.5 ते 1 मिलिमोल असते, म्हणजे बाहेरच्या बरोबरीनेच म्हणा ना. तेव्हा दार असून भागत नाही. ते वेळेवर मिटायला हवे.

कॉर-ए हे दार मॅग्नेशियमच्याच हातून मिटवते. पेशीच्या आतल्या बाजूला, पाच भाग जिथे एकमेकांना टेकतात त्या सांध्यांत, मॅग्नेशियमचे आयन बसण्याच्या जागा आहेत. आत मॅग्नेशियम भरपूर असले, की या जागा भरलेल्या राहतात. शेजारचे ऋणभारित भाग त्यांच्यामुळे जवळ धरून ठेवले जातात, सगळी रचना घट्ट होते आणि मार्गाचा मधला भाग बंद राहतो. तिथे ल्यूसिन आणि मेथिओनिन यांसारख्या पाण्याला दूर सारणाऱ्या अमिनो आम्लांची चिंचोळी पट्टी आहे. पाण्याने वेढलेल्या मॅग्नेशियमला ती ओलांडता येत नाही. आतले मॅग्नेशियम कमी झाले, की सांध्यांतले आयन निघून जातात, पाचही भाग सैल होतात आणि हलू लागतात. 2016 मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने मॅग्नेशियमविरहित कॉर-एचे चित्र टिपले गेले, तेव्हा त्याची पंचकोनी सममिती पार मोडलेली दिसली. भाग एकमेकांपासून दूर झुकले होते आणि वाट रुंदावली होती.

म्हणजे मोजणारा, दार उघडणारा आणि आत येणारा यांच्यात निरोप्याची गरजच ठेवलेली नाही. आयन स्वतःच निरोप आहे. नंतर शोधल्या गेलेल्या एमजीटी-ई या दुसऱ्या जीवाणूजन्य मार्गिकेतही हेच तत्त्व निघाले. जपानमधल्या उष्ण झऱ्यात सापडलेल्या थर्मस थर्मोफिलस या जीवाणूतल्या तिच्या रचनेचा उलगडा ओसामु नुरेकी यांच्या गटाने 2007 मध्ये केला. ती पाचाऐवजी दोन भागांची आहे, घडण अगदी वेगळी आहे, कॉर-एशी तिचे काही नाते नाही. तरी तिच्याही आतल्या भागात मॅग्नेशियम बसण्याच्या जागा आहेत आणि त्या भरल्या, की तीही मिटते. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन प्रथिनांत एकच युक्ती सापडते, तेव्हा ती युक्ती मोलाची आहे असे खुशाल मानावे.

बाहेरच मॅग्नेशियमचा दुष्काळ असला तर? साल्मोनेलाला हा प्रश्न रोजचा आहे. तो आतड्यातून शरीरात शिरला, की आपल्या भक्षक पेशी त्याला गिळतात आणि एका कप्प्यात कोंडतात. तिथे एमजीटी-ए आणि एमजीटी-बी ही दोन प्रथिने कामी येतात. ही नुसती दारे नव्हेत. एटीपी हे पेशीचे इंधन खर्चून मॅग्नेशियम खेचणारे हे पंप आहेत. बाहेर मॅग्नेशियम कमी आहे, हे ओळखणारे फो-क्यू नावाचे संवेदक प्रथिन जीवाणूच्या पटलात असते. त्याचे हे काम एदुआर्दो ग्रोइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये उघडकीला आणले. दहा वर्षांनी याच प्रयोगशाळेने आणखी पुढची गोष्ट दाखवली. एमजीटी-ए बनवण्याचा संदेश ज्या आरएनएवर लिहिलेला असतो, त्याच्या सुरुवातीचा भाग पेशीतले मॅग्नेशियम स्वतः मोजतो. मॅग्नेशियम पुरेसे असले, की आरएनए विशिष्ट प्रकारे दुमडतो आणि संदेश अर्ध्यातच तुटतो. प्रथिनाच्या आधी आरएनएच मॅग्नेशियमला ओळखतो.

आपले शरीरही स्वस्थ बसत नाही. भक्षक पेशींच्या त्या कप्प्याच्या पटलात एनरॅम्प-1 नावाचे प्रथिन असते. उंदरांत त्यातले एकच अमिनो आम्ल बदललेले असले, तर साल्मोनेला त्यांना झपाट्याने मारतो. हे प्रथिन जीवाणूला लोह आणि मँगनीज मिळू देत नाही, असे पुष्कळ वर्षे धरून चालले होते. 2019 मध्ये बासेलच्या संशोधकांनी दाखवले, की साल्मोनेलाची खरी कोंडी मॅग्नेशियमची होते. म्हणजे कप्प्याच्या एका बाजूला जिवावर उदार होऊन मॅग्नेशियम खेचणारे जीवाणूचे पंप, आणि दुसऱ्या बाजूला तेच मॅग्नेशियम काढून घेणारे आपले प्रथिन. संसर्ग पसरणार की आटोक्यात राहणार, हे बऱ्याच अंशी या ओढाताणीत ठरते.

वनस्पतींकडे धावती नजर टाकू. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो, त्यामुळे मुळांतून, खोडातून, पानांतून ते सतत पेशीपेशीत शिरावे लागते. त्यासाठी वनस्पतींकडे कॉर-एच्याच कुळातल्या प्रथिनांचा गोतावळा आहे. मॅग्नेशियम अपुरे पडले, की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीवर येणाऱ्या लाल्याची कारणे अनेक आहेत, पण मॅग्नेशियमची कमतरता हे त्यातले एक ठळक कारण. म्हणून तर शेतकरी मॅग्नेशियम सल्फेट फवारतात. पानावर पडलेले ते मीठ पेशीत पोचते ते याच कुळातल्या दारांनी.

माणसातही या कुळाचा एक वारस आहे, एमआरएस-2. तो पेशीच्या बाहेरच्या पटलात नसून तंतुकणिकांच्या आतल्या पटलात असतो. एटीपी बनते ते तंतुकणिकांत, आणि पेशीतले जवळजवळ सगळे एटीपी मॅग्नेशियमला चिकटूनच काम करते. तेव्हा तिथे मॅग्नेशियम पोचणे म्हणजे जगण्यामरण्याचा प्रश्न. व्हिएन्नात रुडॉल्फ श्वेयेन यांच्या प्रयोगशाळेने 2003 मध्ये यीस्टच्या तंतुकणिकांत हे प्रथिन मॅग्नेशियमची मुख्य वाट असल्याचे सिद्ध केले. मानवी एमआरएस-2 ची रचना 2023 मध्ये प्रसिद्ध झाली: पुन्हा पाच भाग आणि मार्गाच्या तोंडाशी पुन्हा ग्लायसीन, मेथिओनिन, अ‍ॅस्परॅजिन. कॉर-ए आणि एमआरएस-2 यांचे बाकीचे अमिनो आम्लक्रम ओळखू येणार नाहीत इतके बदलून गेले आहेत. ही तीन अक्षरे मात्र ढळलेली नाहीत.

आता मूत्रपिंडाकडे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेले बहुतेक स्नायूंत आणि इतर मऊ ऊतींत. रक्तात येते ते एकूण साठ्याच्या एक टक्क्याच्या आसपास. मूत्रपिंडे रोज दोन ग्रॅमहून अधिक मॅग्नेशियम गाळतात आणि त्यातले 95 टक्क्यांहून अधिक परत रक्तात घेतात. हे परत घेणे दोन निराळ्या पद्धतींनी होते.

मोठा वाटा मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकेच्या 'हेन्लेचा पाश' नावाच्या वळणाच्या जाड चढत्या भागात वसूल होतो. तिथे मॅग्नेशियम पेशीतून जातच नाही. ते दोन पेशींच्या सांध्यातून जाते. 1999 मध्ये रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने एका आनुवंशिक मूत्रपिंडविकाराचे मूळ शोधताना त्या सांध्यातले प्रथिन शोधून काढले. त्याला आता क्लॉडिन-16 म्हणतात. ते बिघडले, की मॅग्नेशियम आणि कॅल्शियम दोन्ही लघवीतून वाहून जातात, मूत्रपिंडात कॅल्शियम साचते आणि पुढे ती निकामी होऊ लागतात. सांध्यातून जाण्यासाठी लागणारा विद्युतदाब शेजारच्या पेशी मीठ शोषताना तयार करतात. फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढवणारी औषधे नेमके हेच मीठशोषण थांबवतात. त्यांच्याबरोबर मॅग्नेशियम का घटते, याचे उत्तर इथे आहे.

शेवटचा सुमारे दहावा हिस्सा पुढच्या दूरस्थ नलिकेत, पेशीच्या आतून, घेतला जातो. हिस्सा लहान, पण त्यापुढे मॅग्नेशियम परत मिळवायची जागा जवळजवळ नाही, म्हणून लघवीत किती जाणार हे इथेच ठरते. इथले दार म्हणजे टीआरपीएम-6. सुरुवातीला सांगितलेल्या बाळांत बिघडलेले प्रथिन ते हेच. त्यांच्या गुणसूत्र 9 वर काहीतरी बिनसले आहे, हे इस्राएलमधल्या बेदुइन कुटुंबांच्या अभ्यासातून 1997 मध्ये समजले होते. 2002 मध्ये दोन गटांनी एकाच वेळी जनुक गाठले. टीआरपीएम-6 मूत्रपिंडाप्रमाणे आतड्यातही असते, म्हणून या बाळांत मॅग्नेशियम आत यायचे थोडे आणि गळायचे फार. सुदैवाने आतड्याच्या पेशींमधल्या सांध्यांची वाट शाबूत असते. मोठ्या मात्रेत मॅग्नेशियम तोंडाने दिले, की त्यातले थोडेफार या वाटेने रक्तात पोचते. वेळेवर निदान झालेली मुले आयुष्यभर ही पुरके घेऊन चांगली वाढतात. निदान चुकले, तर आकडीने मेंदूला कायमची इजा होते किंवा मूल दगावते. एक तपासणी सांगण्या-न सांगण्याने इतका फरक पडतो, हे वाचताना मन सुन्न होते.

टीआरपीएम-6 चे भावंड टीआरपीएम-7 शरीरातल्या जवळजवळ सर्व पेशींत असते. या दोघांचे वैशिष्ट्य असे, की मार्गिकेच्या शेपटाला एक विकरही जोडलेले आहे. 2007 मध्ये आणखी एक धागा जुळला. पेशींची वाढ घडवणारा ईजीएफ हा घटक टीआरपीएम-6 ला कामाला लावतो, हे एका कुटुंबातल्या दोन बहिणींच्या आजारातून उलगडले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दिले जाणारे सिटुक्सिमॅब हे औषध ईजीएफचीच वाट अडवते. ते घेणाऱ्या रुग्णांचे मॅग्नेशियम का उतरते, हे कोडे त्याबरोबर सुटले.

आत आलेले मॅग्नेशियम पेशीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर काढायचे, तर विद्युतदाबाविरुद्ध ढकलावे लागते. सोडियमच्या मोबदल्यात ते बाहेर टाकणारी प्रथिने असावीत, यावर एकमत आहे. एसएलसी-41 कुळ, जे एमजीटी-ईचे नातलग आहे, आणि सीएनएनएम कुळ ही दोन नावे पुढे येतात. सीएनएनएम-2 बिघडले तर मॅग्नेशियम घटते, सीएनएनएम-4 बिघडले तर दातांचे एनॅमल आणि डोळ्यांचा पडदा दोन्ही दुबळे होतात, हे नक्की आहे. पण ही प्रथिने स्वतः मॅग्नेशियम वाहतात की वाहणाऱ्यांवर देखरेख करतात, यावर संशोधकांत जोरदार वाद आहे, आणि तो वाद असणे मला योग्य वाटते. या क्षेत्रात घाईचा निष्कर्ष महागात पडलेला आहे. मॅग-टी-1 या प्रथिनाच्या अभावी प्रतिकारशक्ती ढासळलेली मुले 2011 मध्ये वर्णिली गेली, तेव्हा दोष मॅग्नेशियमच्या वहनाचा मानला गेला आणि उपचारही त्या दिशेने सुचवले गेले. पुढे दिसून आले, की मॅग-टी-1 चे मुख्य काम इतर प्रथिनांना साखरेचे रेणू जोडण्याच्या यंत्रणेत आहे. एखादे प्रथिन नसताना मॅग्नेशियम घटले, एवढ्यावरून ते मॅग्नेशियमचे दार ठरत नाही.

हे सगळे दुर्मिळ आजारांपुरते राहिले असते, तर प्रकरण इथे संपवता आले असते. पण 2006 मध्ये ओमेप्रॅझोल हे आम्लपित्तावरचे औषध वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्या दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. दोघांचेही मॅग्नेशियम खूप घटलेले आणि त्यापायी कॅल्शियमही घसरलेले. त्या बाळांसारखेच चित्र, पण प्रौढांत आणि औषधामुळे. पुढे अशा आणखी नोंदी येत गेल्या. मार्च 2011 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या वर्गातल्या सर्व औषधांबाबत इशारा दिला. त्यांनी तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे चतुर्थांशांत नुसते मॅग्नेशियम देऊन भागले नाही, औषध थांबवावे लागले. मूत्रपिंड अशा रुग्णांत मॅग्नेशियम धरून ठेवतच असते. संशय आहे तो आतड्यातल्या शोषणावर, विशेषतः तिथल्या टीआरपीएम-6 वर.

आपल्याकडे पॅन्टोप्रॅझोल आणि ओमेप्रॅझोल घराघरांत आहेत. सकाळी उठून अनशापोटी एक गोळी, अशी वर्षानुवर्षांची सवय असलेली माणसे प्रत्येकाच्या ओळखीत सापडतील. रक्ताच्या नेहमीच्या क्षार-तपासणीत सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड येतात. मॅग्नेशियम वेगळे सांगावे लागते आणि म्हणून ते बहुधा राहूनच जाते. अशी गोळी वर्षभराहून अधिक काळ चालू असेल, सोबत लघवी वाढवणारे औषध असेल, आणि पायात गोळे येणे, हातापायांना मुंग्या, थरथर किंवा छातीत धडधड असा त्रास होत असेल, तर गोळी परस्पर बंद करू नका. मात्र पुढच्या भेटीत डॉक्टरांना आवर्जून विचारा: माझे मॅग्नेशियम एकदा तपासायचे का?